मेलेलं की सुटलेलं?

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “मिस्त्री, कुशन मेलंय. नवं टाकायला किती घ्याल?” फोन सिडकोतून येवो, उस्मानपुऱ्यातून येवो नाहीतर जालन्याहून, वाक्य तेच. मी पैशाचं काहीच बोलत नाही. “शेवटचे बोल्ट कधी आवळले होते?” एवढंच विचारतो. पलीकडे जरा वेळ शांतता. पूल टेबलाला बोल्ट असतात हे बऱ्याच मालकांना माझ्या या प्रश्नानेच कळतं.

मी टेबलं दुरुस्त करतो. कापड बदलणं, स्लेट लेव्हलला आणणं, पॉकेटच्या जाळ्या बसवणं, सगळंच करतो. पण हात बसला तो कुशनवर. कुशन म्हणजे टेबलाच्या कडेची, कापडाच्या आत दडलेली रबराची पट्टी. टेबलाला सहा रेल असतात, दोन आखूड बाजूंना आणि चार लांब बाजूंना. प्रत्येक रेलच्या लाकडाला आतल्या अंगाने एकेक पट्टी चिकटवलेली. बॉल तिच्यावर आपटतो आणि परत फिरतो. खेळणाऱ्याला ती वर्षानुवर्षं दिसत नाही आणि बॉल परत येईनासा झाला की पहिली शिवी तिलाच पडते.

‘मेलं’ हा शब्द मालकांचा. त्यांच्या लेखी कुशन एकतर चालू असतं नाहीतर मेलेलं. माझ्या लेखी तीन गोष्टी असतात, आणि तपासायला पाच मिनिटं पुरतात. डावा तळवा रेलवर सपाट ठेवायचा आणि उजव्या हाताने बॉल त्याच रेलवर जोरात सोडायचा. तळव्याला झिणझिण लागली तर बोल्ट ढिले. रेल स्लेटला घट्ट बसलेली नसेल तर बॉलचा निम्मा जोर तिला हलवण्यातच जातो, रबर बिचारं काय परत देणार? पाना लावायचा, सगळे बोल्ट सारखे आवळायचे, काम संपलं. अशा कामाचे पैसे मागायला मला अजूनही संकोच वाटतो आणि द्यायला मालकाला त्याहून जास्त वाटतो.

तळवा गप्प राहिला तर कान लावायचा. जिवंत आणि नीट चिकटलेलं कुशन बॉल लागला की ‘टक्’ करतं. कोरडा, आखूड, आतून भरलेला आवाज. तेच ‘थप्प’ वाजलं, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखं, तर रबर लाकडापासून सुटलंय. मधे हवा शिरलीय. अंगठ्याने दाबून पाहिलं तर रबर लवचीकच लागतं, पण दाबताना मागे सरकल्यासारखं होतं. आणि तिसरा प्रकार खरोखर मेलेला. अंगठा दाबला तर जुन्या टायरच्या तुकड्यासारखं कडक. कापड काढलं की कडेला भेगा, नखाने खरवडलं की भुकटी. त्याला इलाज नाही, नवीनच टाकावं लागतं.

माझ्या कामात खरं मेलेलं कुशन कमी निघतं. ढिल्या बोल्टांची टेबलं वगळली तर बहुतेक वेळा ते सुटलेलंच असतं. पण मालकाला हे पटवणं म्हणजे अर्धं काम. “चिकटवून किती दिवस चालणार? नवंच टाका.” नवं टाकलं की मला पैसे जास्त मिळतात आणि त्यालाही काहीतरी मोठं केल्याचं समाधान मिळतं. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी मी गप्प बसून नवं टाकलं. चांगलं, लवचीक रबर काढून पिशवीत भरताना वाईट वाटायचं. आता टाकत नाही. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

हे कान देऊन ऐकणं मला चाचांनी शिकवलं. आमचं औरंगपुऱ्यामागे फर्निचरचं छोटं दुकान होतं. वडील सागवानी कपाटं, दिवाण करायचे. चाचा एकदा रेलच्या लाकडाचा फुटलेला तुकडा घेऊन आले, तसाच दुसरा करून द्या म्हणाले. वडिलांनी ते काम माझ्याकडे ढकललं. मी गुण्या लावून, रंधा मारून अगदी चौकोनी तुकडा करून दिला. चाचांनी तो उलटसुलट पाहिला आणि हसले. “बेटा, ये दरवाजा नहीं है.” रबर बसतं त्या बाजूला लाकूड तिरकं हवं असतं. त्या तिरकेपणावर कुशनच्या नाकाची उंची ठरते, हे त्यांनी मला तिथेच भुशात बसून समजावलं.

चाचा उमेदीत छावणीतल्या एका मेसमध्ये मार्कर होते. मार्कर म्हणजे क्लबात गुण मांडणारा, बॉल लावणारा, क्यूला टिप बसवणारा आणि टेबलाची देखभाल करणारा माणूस. क्लबातल्या साहेबांपेक्षा चांगलं खेळणारे मार्कर असत, पण त्यांनी ते फारसं दाखवायचं नसे. चाचांना या खेळाचा मोठा अभिमान. स्नूकर आपल्याकडेच जन्मला, जबलपूरच्या मेसमध्ये १८७५ साली, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून, हे ते कुणालाही थांबवून सांगत. ब्रिटनचे पुढचे पंतप्रधान चेंबरलेन ते हे नव्हेत, हेही लगेच सांगत, कारण कुणीतरी हमखास तो घोटाळा करायचा. आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स. १९५८ साली कलकत्त्यात ते बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. चाचांच्या हिशेबी क्रिकेटवाल्यांनी यानंतर फार बोलू नये.

शहरात पार्लरं निघाली तशी चाचांना कामं वाढली. डोळे अधू होत चालले होते, म्हणून ते मला बरोबर नेऊ लागले. आईला पसंत नव्हतं. पूल पार्लर म्हणजे कॉलेज बुडवणाऱ्या पोरांचा अड्डा, काळ्या काचा, सिगारेटचा धूर, असंच चित्र तिच्या डोळ्यांसमोर. चित्र अगदीच खोटं नव्हतं. पण मी जायचो सकाळी, पार्लर बंद असताना. बत्त्या लावलेल्या नसत, खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. त्या वेळी पार्लर एखाद्या शाळेसारखं वाटतं.

चाचांनी मला सागवानाचा एक तुकडा दिला होता, बोटभर जाडीचा. एका बाजूला ब्लेडने बारीक खूण. तीच त्यांची मोजपट्टी. स्लेटवर उभी धरायची आणि कुशनचं नाक, म्हणजे रबराची पुढे आलेली धार, खुणेला भिडते का पाहायचं. पुढे इंजिनिअरिंगच्या एका पोराने मला हिशेब सांगितला. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, आणि नाक त्याच्या उंचीच्या साधारण ६३.५ टक्क्यांवर हवं, म्हणजे सव्वाछत्तीस मिलिमीटर. नाक खाली गेलं तर जोरात आलेला बॉल उडी मारतो, वर गेलं तर कुशन बॉलला खाली दाबतं आणि वेग मरतो. कोरिऑलिस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलंय, हेही त्याच पोराचं. वाऱ्यांची दिशा वळवणाऱ्या बलाला ज्याचं नाव आहे तोच हा. मी घरी येऊन चाचांच्या तुकड्यावरची खूण व्हर्नियरने मोजली. बॉल ५२.५ मिलिमीटरचा असतो, त्या स्नूकरसाठीची खूण होती ती. पूलसाठी मी दुसरा तुकडा केला. आता पिशवीत दोन आहेत, आणि घाईत कधी भलताच हाताला येतो, म्हणून एकाला लाल रंग फासलाय.

रबराचं पण तसंच. पूलच्या टेबलाला के ६६ आणि के ५५ अशा दोन घडणी सर्रास मिळतात. मापात किंचित फरक, शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. दुकानदार म्हणतो, “दोन्ही चालतं.” चालत नाही. लाकडाचा तिरकेपणा एकासाठी कापलेला असतो. दुसरं लावलं की नाक वर नाहीतर खाली जातं आणि मग महिनाभर टेबलाला, कापडाला, पोरांच्या हाताला दोष.

आता एक काम सविस्तर सांगतो. टीव्ही सेंटरकडचं एक पार्लर, दुसरा मजला, आठ फुटी टेबल, मे महिना. डाव्या बाजूची एक रेल ‘थप्प’ वाजत होती. बोल्ट काढून रेल उलटी टेबलावर घेतली, खाली जुनी सतरंजी. खालच्या बाजूच्या पिना पकडीने एकेक उचकटल्या. कापड सोडवलं, मग वरच्या खाचेत ठोकलेली बारीक लाकडी पट्टी पटाशीच्या टोकाने हळूच उचलली. तिनेच कापड वरून धरलेलं असतं. ती तुटली तर नवी करत बसावं लागतं, म्हणून तिथे घाई नाही. कापड मागे दुमडलं आणि रबर उघडं पडलं. दोन्ही टोकांना घट्ट होतं, मधे हातभर लांबी सुटलेली. बोट आत जात होतं.

ओढून काढलं तर सुटलेला भाग निघतो, पण चिकटलेला भाग लाकडाची सालपटं घेऊन निघतो. म्हणून रुंद पात्याची सुरी सपाट धरून, लाकडाला टेकवून, पुढे सरकवत जायचं. अडलं तिथे हीट गनची फुंकर. रबर निघालं आणि लाकडावर आधीच्या मिस्त्रींचा सगळा इतिहास उघडा. सर्वांत खाली, एका कोपऱ्यात, तपकिरी काचेसारखा थर. बहुधा सरस. वडील दुकानात सरस शिजवायचे, पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून, आणि तो वास आमच्या घरच्या भाकरीलाही यायचा. तो थर मला ओळखू आला. त्यावर पिवळट थर, चपलाबुटांना लावतात त्या जातीच्या सोल्यूशनचा. आणि जिथे रबर सुटलं होतं नेमकं तिथे पांढरा, प्लॅस्टिकच्या कागदासारखा निघणारा पापुद्रा. कुणीतरी मधल्या काळात सुटलेल्या फटीत सुतारकामाचा पांढरा गोंद ओतला होता. तो लाकूड लाकडाला धरतो, कारण लाकूड त्यातलं पाणी पितं. रबर पाणी पीत नाही. पापुद्रा अख्खाच्या अख्खा हातात आला.

हे तिन्ही थर खरवडून लाकूड नागडं करणं हेच खरं काम. त्याला दीड तास लागतो. पटाशी आडवी धरायची, टोचायची नाही. एक खड्डा पडला तरी त्या जागी रबराच्या मागे पोकळी राहते आणि बॉल बरोबर तिथेच आपटायला येतो, हा माझा अनुभव. मग पॉलिश पेपर, मग कोरडा ब्रश, मग पुसणं. रबराची पाठही तशीच, कापडी अस्तर सांभाळून. मालक दोनदा डोकावून गेला. त्याला वाटत होतं मी वेळ काढतोय.

मग सोल्यूशन. लाकडाला एक हात, कारण पहिला हात लाकूड पिऊन टाकतं. तो वाळला की दुसरा. रबराला एक हात, पातळ, सगळीकडे सारखा. आणि मग बसायचं. हे सोल्यूशन ओलं असताना चिकटवायचं नसतं. त्यातला द्रव उडून जायला हवा. बोटाची पाठ टेकवून पाहायची, बोटाला तार आली तर थांबा, नुसता चिकट स्पर्श लागला तर वेळ झाली. डब्यावर पंधरा-वीस मिनिटं लिहिलेलं असतं. तो डबा आमच्या गावच्या मे महिन्यात कुणी उघडून पाहिलेला नसावा. पारा चाळिशी ओलांडतो, हवेत ओलावा नावाला नाही, वर पंखा फिरत असेल तर पाच मिनिटांत खेळ संपतो आणि वेळ उलटून गेली की दोन पृष्ठं एकमेकांना ओळखत नाहीत. जुलैत उलटं. अर्धा तास झाला तरी तार सुटत नाही, आणि कधी कधी सोल्यूशनवर धुक्यासारखा पांढुरका ओलावा धरतो. तो पुसून, सुकवून पुन्हा हात द्यावा लागतो. पंखा आधी बंद करायचा, हा माझा नियम. घाम येतो, येऊ दे.

त्याच वेळी मालक अगरबत्ती घेऊन आला. दुपारी चारला पार्लर उघडायचं, त्याआधी गणपतीच्या फोटोला रोज लावतात. मी ओरडलोच. सोल्यूशनची वाफ पेट घेते, आणि बंद खोलीत ती जमिनीलगत साचलेली असते. “बाहेर जा, आधी बाहेर जा!” मालक दचकून जिन्यात गेला आणि तिथूनच म्हणाला, “मिस्त्री, देवाला पण अडवता का?” त्याला समजावून सांगितलं, खिडक्या उघडल्या. तो रागावला नव्हता. पण त्या दिवशी टेबल उघडणार नाही म्हटल्यावर मात्र रागावला. चिकटवल्यावर रबर लगेच धरतं, ओढून निघत नाही, म्हणून मालकांना वाटतं संध्याकाळी खेळायला हरकत काय. पूर्ण ताकद यायला एक दिवस लागतो. त्या रात्री पोरांनी ब्रेक मारून मारून तेच कुशन पुन्हा ढिलं केलं असतं.

चिकटवताना चाचा एकच शब्द बोलायचे. “खींचना नहीं.” हा शब्द मला पहिल्यांदा कळलाच नाही, त्याची किंमत मोजली तेव्हा कळला. चाचा आजारी होते, मी एकट्याने केलेलं पहिलं काम. चिकटवताना रबर सरळ बसावं म्हणून मी ते किंचित ताणत ताणत बसवत गेलो. दोरी ओढल्यासारखी सुबक रेष आली. टोकं पॉकेटच्या कोनात कापली, पात्याला पाणी लावून, कारण पाणी लावलं की रबर लोण्यासारखं कापलं जातं. टोकाला कडक रबराच्या चकत्या लावल्या, कापड चढवलं. मालक खूश, मी त्याहून खूश. आठवड्याभरात फोन. कोपऱ्याच्या पॉकेटला लागलेला बॉल आत पडायच्या ऐवजी तोंडाशी थरथरून थांबतोय. जाऊन कापड काढलं तर रबर टोकाकडून आखडून आत गेलेलं. चांगलं दोन सूत. चकती लाकडाला चिकटून एकटी उभी, मागे फट. ताणलेलं रबर आपल्या मूळ लांबीवर परत जायला बघतं, आणि त्याला घाई नसते. सगळं काढून पुन्हा केलं, आपल्या पैशाने. चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की पहिल्यांदा त्यांनीही तेच केलं होतं. खरं होतं की माझी समजूत घालायला, ते कधी कळलं नाही.

रबराचा हा हट्ट वाईट मानावा का? त्याच हट्टावर तर बॉल परत येतो. रबराच्या आधी कडांना घोड्याचे केस, लोकरीच्या पट्ट्या भरत. लंडनच्या थर्स्टननी १८३५च्या सुमाराला रबर बसवलं, पण ते थंडीत दगड व्हायचं. खेळण्याआधी गरम पाण्याची भांडी लावून शेकावं लागे. मग रबरात गंधक घालून ते भाजण्याची युक्ती निघाली. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकी माणसाला ती सापडली. वाळूजला एमआयडीसीत त्याच्या नावाची टायर फॅक्टरी आहे. कंपनी त्याची नव्हे, तो १८६० साली कर्जातच वारला, कंपनी निघाली १८९८ला, नुसतं नाव घेतलं. माझा एक दोस्त वाळूजला शिफ्टला जातो. मी त्याला म्हणतो, तुमचं आणि माझं दुकान एकाच माणसाचं. त्याला यात काही गंमत वाटत नाही.

आमच्याकडे कुशन शेकायची पाळी कधी आली नाही. आमची तक्रार उलटी. पत्र्याखालच्या पार्लरात दुपारभर एसी बंद, संध्याकाळी एकदम चालू. लाकूड आखडतं, रबर आखडतं, दोघं आपापल्या वेगाने, आणि मधल्या चिकटीची ओढाताण. सुटतं ते असं. खेळणाऱ्यांचा यात दोष कमी. एवढं सांगूनही मालक म्हणतो, पोरं फार जोरात मारतात.

चाचा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा सागवानी तुकडा वापरून गुळगुळीत झालाय, खूण बोटाला लागत नाही, दिव्याखाली तिरका धरून पाहावी लागते. पावतीपुस्तकावर अजून औरंगाबाद छापलेलं आहे. संपलं की नवं नाव घालून छापेन. कामं तशी कमी झालीत. पोरं मोबाइलवर पूल खेळतात. तिथली कुशनं कधी सुटत नाहीत.

टीव्ही सेंटरच्या त्या पार्लरात दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. खिडक्या रात्रभर उघड्या होत्या, वास बराच गेला होता. कापड ताणून खाचेतली पट्टी ठोकली, खाली पिना मारल्या, रेल जागेवर आणून बोल्ट आधी हाताने, मग मधल्यापासून टोकांकडे पान्याने आवळले. तुकडा उभा धरून पाहिला, नाक खुणेवर. मालक दारात उभा, हातात न पेटवलेली अगरबत्ती, कालचा धडा लक्षात होता. मी पांढरा बॉल घेतला, समोरच्या रेलपासून सोडला आणि मान फिरवून उभा राहिलो. बॉलकडे बघितलं तर डोळे फसवतात.

टक्.

“लावा आता,” मी म्हटलं.